साइटवरचा भाड्याचा कॅमेरा: पाहणीला किती उपयोगी?

चिपळूणजवळ चाललेल्या इमारतीच्या आरसीसी (सळई घातलेल्या काँक्रीटच्या) कामाची जबाबदारी पुण्यातून सांभाळताना, दर टप्प्याला घाट उतरणे शक्य नसल्यामुळे, आम्ही सौर पॅनेल, बॅटरी आणि 4जी सिमवर चालणारा फिरता कॅमेरा मासिक भाड्याने घेतला. तो मोबाइलवरून हवा तसा वळवता येतो, झूम करता येतो आणि ठरावीक अंतराने काढलेली छायाचित्रे तारीख-वेळेसह साठवतो.

ज्या कामांत दिवस मोजावे लागतात, तेथे या कॅमेऱ्याला तोड नाही. काँक्रीटच्या कामाचे भारतीय मानक आयएस 456:2000 नुसार ओपीसी (साध्या पोर्टलँड) सिमेंटच्या काँक्रीटला किमान 7 दिवस आणि पीपीसी (पोझोलाना मिसळलेले सिमेंट) असल्यास किमान 10 दिवस क्युरिंग, म्हणजे ओले ठेवणे, लागते, तर 4.5 मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधील अंतराच्या) स्लॅबचे टेकू 7 दिवसांआधी काढता येत नाहीत. ‘पाणी मारलंय, साहेब’ हे फोनवरचे उत्तर आता पडताळता येते, कारण स्लॅबवर पाणी अडवायला बांध घालून केलेल्या आळ्यांत पाणी उभे आहे की आळी वाळून पांढरी पडली आहेत, हे सकाळीच स्पष्ट दिसते. स्लॅब भरताना काँक्रीट हलवून घट्ट बसवणारा व्हायब्रेटर ओतण्याच्या कामाच्या मागे पडला, तर सुपरवायझरला लगेच फोन करता येतो आणि मधमाश्यांच्या पोळ्यासारखे पोकळ काँक्रीट राहण्याचा धोका वेळीच टळतो.

सळईची तपासणी मात्र या कॅमेऱ्यावर सोडू नये, असे माझे ठाम मत आहे. स्लॅबच्या जाळीखाली 20 मिमीचे कव्हर ब्लॉक (सळई तळापासून वर ठेवणारे ठोकळे) आहेत का, बीम आणि कॉलमच्या जोडात रिंगा (उभ्या सळयांना वेढणाऱ्या कड्या) घातल्या आहेत का, हे कॅमेऱ्याच्या उंच खांबावरून दिसत नाही. साइट इंजिनिअरने टेप लावून व्हिडिओ कॉल केला तर मदत होते, पण मोबाइल कोठे धरायचा हे तोच ठरवतो. म्हणून काँक्रीट ओतण्याआधीची पाहणी आम्ही अजूनही प्रत्यक्ष जाऊनच करतो.

कोकणातल्या पावसात काचेवर थेंब साचतात आणि सलग ढगाळ दिवसांत बॅटरी उतरते, त्यामुळे जूनपूर्वीच विजेची जोडणी मागून घ्यावी. कामगारांच्या झोपड्यांचा भाग चित्रातून झाकण्याची सोय या सेवेत आहे. ती पहिल्याच दिवशी सुरू करून घ्यावी आणि कॅमेरा कशासाठी लावला आहे हे मुकादमासह सर्वांना सांगावे.