‘जंत न लागणारे’ मेंढे ८०,५०० रुपयांना घेतले आणि बुडालो

आमच्या माण तालुक्यात आता पुन्हा तेच जाळं फिरतंय, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितोय. गेल्या दिवाळीत दोन मेंढे घेतले. एक ४२,००० चा, दुसरा ३८,५०० चा, गाडीभाडं ४,२०० वेगळं. विकणारा म्हणाला, गरोळचं रक्त आहे, ह्यांच्या कोकरांना जंत लागत नाहीत, औषधाचा खर्च शून्य.

मी अडाणी नाही. गरोळ ही सुंदरबनातली जात, दलदलीत चरणारी, आणि रक्त पिणाऱ्या जंताला आपल्या दख्खनीपेक्षा चिवट, हे खरंच आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं १९९० च्या दशकात गरोळ आणून दख्खनीशी संकर केला, तिथंही हा फरक दिसलाय. आफ्रिकेत रेड मसाई मेंढी डॉर्परपेक्षा अशीच टिकते. म्हणूनच मी फसलो. निव्वळ थाप असती तर दारातूनच हाकलला असता.

त्यानं डीएनए रिपोर्ट दाखवला. त्यावर बिल्ला नंबर शेवटी ४७. मेंढ्याच्या कानात ४१. मी बोट ठेवून दाखवलंसुद्धा! तो म्हणाला, "दादा, ऑफिसवाल्यांची टायपिंगची चूक, तुम्ही जनावर बघा." आणि मी जनावर बघितलं. केवढं उंच, पोपटासारखं वाकडं नाक, लांब लोंबते कान. अहो, गरोळ म्हणजे दहा-पंधरा किलोची बुटकी जात, आणि ही तर सरळसरळ उंच माडग्याळ जातीची ठेवण! तीस वर्षं मेंढरं राखतोय, बाजारात प्रत्येक जनावराची पापणी उलटून बघतो; आतून पांढरी असली तर अंगात रक्त कमी, जंताचा संशय. त्या संध्याकाळी नाही बघितली. आण्णा दवाखान्यात होते, घाई होती. आजही झोपताना ते बोट आणि तो ४१ डोळ्यासमोर येतो.

रिपोर्टही जंताचा नव्हताच. तो जुळ्यांच्या जनुकाचा, फेकबीचा होता. गरोळमध्ये जुळं होण्यावर ह्या एका जनुकाचा मोठा हात असतो, ते रक्त तपासून कळतं. जंताला तोंड देणं अनेक जनुकांचं काम आहे, त्याचा असा एका कागदाचा दाखला निघत नाही. कुणी दाखवला तर तिथूनच उठा.

वर त्यानं सांगितलं, औषध पाजलं की अंगची ताकद मरते, अख्ख्या खांडाचं बंद करा. डॉक्टरही सांगतात की सारखं औषध पाजलं तर जंत औषधाला जुमानत नाहीत, म्हणून मला ते पटलं आणि मी औषध बंद केलं. चिवट जातीलासुद्धा जंत लागतात, फक्त कमी लागतात. कोवळ्या कोकरात आणि व्यायच्या सुमारास मेंढीत ती ताकद कमीच असते. हे मला कुणी सांगितलं असतं तर!

वैशाखात कोकरं झाली. श्रावणात एकेकाच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायला लागली. पापणी उलटली तर कागदासारखी पांढरी. ११ कोकरं गेली, ३ मेंढ्या गेल्या. कोकरू ५,५०० नं आणि मेंढी १४,००० नं धरली तर १,०२,५०० रुपये. त्यात दोन्ही नरांचे पैसे आणि गाडीभाडं धरलं तर १,८७,२००.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरची जागा रिकामी, चार्ज शेजारच्या तालुक्याकडं. चौथ्या दिवशी साहेब आले, मेलेलं कोकरू फाडलं, चौथ्या पोटात केसासारख्या लाल-पांढऱ्या जंतांचा गुंता, आणि मलाच झापलं, "औषध का नाही पाजलं?" लेंडी तपासायला नेली तर म्हणे शिळी आहे, ताजी आणा. साठ किलोमीटरवरून ताजी कशी आणू? पोलिसांनी दोन तास बसवून विचारलं, पक्की पावती कुठाय? जनावरांच्या बाजारात पावती कोण देतं? "दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." ऑनलाईन पैसे पाठवल्याचा पुरावा दाखवला तर म्हणाले, तुम्ही स्वखुशीनं पाठवलेत ना! फसवणारा मोकळा, आणि आम्ही उंबरे झिजवतोय.

बिल्ला आणि कागद जुळला नाही तर एक रुपया देऊ नका. घेण्याआधी लेंडीतली जंतांची अंडी मोजून घ्या. पापणी दिवसाउजेडी बघा. विकणाऱ्याच्या सांगण्यावरून औषध कधीच बंद करू नका, आधी डॉक्टरला विचारा.

परवा त्याचा नवा व्हिडिओ आला. त्याच्या मागं एक बुटका मेंढा उभा होता. मोबाईल थांबवून, मोठं करून बघितलं. कानात ४७.