दार ठोठावणारी सेवा: लंडनच्या ‘स्क्रीन अँड ट्रीट’चं परीक्षण

७ जुलै २००५च्या सकाळी लंडनमध्ये तीन भुयारी गाड्यांत आणि एका बसमध्ये स्फोट झाले. ५२ निरपराध माणसं गेली, ७००हून अधिक जखमी झाली. ज्यांच्या जखमा दिसत होत्या त्यांना रुग्णालय मिळालं. पण धुराने भरलेल्या बोगद्यातून चालत बाहेर आलेली, अंगावर ओरखडाही नसलेली कितीतरी माणसं थेट घरी गेली. अशांना शोधून त्यांच्या मनावरच्या आघातावर उपचार करण्यासाठी ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने ‘स्क्रीन अँड ट्रीट’ (आधी चाळणी, मग उपचार) हा उपक्रम चालवला. या सेवेची रचना उत्तम होती, पण नावांच्या याद्या मिळवताना ती अडखळली.

रचनेचं मर्म ‘कधी’ या प्रश्नात आहे. हल्ल्यानंतरचे पहिले काही आठवडे झोप न लागणं, दचकणं, तेच दृश्य पुन्हापुन्हा डोळ्यांसमोर येणं हे जवळपास सगळ्यांनाच होतं आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. त्या काळात सगळ्यांना एका खोलीत बसवून ‘काय पाहिलं ते सांगा’ म्हणणारी एकाच बैठकीची पद्धत बरीच वर्षं रूढ होती. तिचा फायदा होत नाही, काहींचा त्रास तर वाढतो. ताज्या आठवणी उकरल्या जातात आणि माणूस तसाच घरी पाठवला जातो. म्हणून २००५च्याच ब्रिटिश मार्गदर्शक सूचनांनी ही पद्धत नको असं स्पष्ट सांगितलं होतं. सुरुवातीला निवारा, माहिती आणि जवळची माणसं द्यायची, चाळणी महिन्याभराने लावायची.

त्या चाळणीत आघाताच्या त्रासासाठी दहा प्रश्नांची छोटी यादी वापरतात. नको असताना आठवणी येतात का, स्वप्नं पडतात का, आठवण होताच छाती धडधडते का, चिडचिड होते का, लक्ष लागतं का, अशी. गेल्या आठवड्यात किमान दोनदा घडलं असेल तरच ‘हो’. सहा किंवा अधिक ‘हो’ आले की सविस्तर तपासणी. ही यादी निदान करत नाही. कुणाला आधी बोलवायचं एवढंच सांगते. हल्ल्यानंतर चौथ्याच दिवशी ती भरून घेतली, तर निम्मं गाव आजारी ठरेल.

उपचारांत तडजोड नव्हती. आघातकेंद्रित विचार-वर्तन उपचार किंवा डोळ्यांच्या हालचालींवर आधारित ईएमडीआर. विचार-वर्तन उपचाराच्या साधारण ८ ते १२ बैठका होतात. प्रसंगाबद्दल बोलायचं त्या दिवशी दीड तास राखून ठेवावा लागतो. हा वेळ कापणं ही सर्रास होणारी चूक आहे. आठवण वर येते, घालमेल शिगेला पोचते आणि ती उतरण्याआधीच बैठक संपते. पुढच्या वेळी माणूस येत नाही. ‘आता मी मरणार’ या सर्वांत वाईट क्षणाला ‘मी वाचलो’ ही नंतरची माहिती जोडून देणं हे खरं काम. मग सोबतीने पुन्हा गाडीत बसणं. इथे बारकाईने पाहावं लागतं, कारण दाराजवळच उभं राहणं, प्रत्येकाची पिशवी न्याहाळणं, एक स्टेशन आधी उतरणं यामुळे प्रवास होतो, पण भीती तिथेच राहते.

परिणाम बोलके आहेत. ५९६ जणांनी प्रश्नावली भरून दिली आणि उपचार घेतलेल्यांत सुधारणा मोठी होती. नेहमीच्या डॉक्टरांकडून पाठवले गेलेले मात्र अगदी थोडे होते. ‘ज्याला गरज असेल तो येईल’ या समजुतीला यापेक्षा ठोस उत्तर नको.

अडलं ते यादीपाशी. साक्षीदारांची नावं पोलिसांकडे होती, पण खासगी माहितीच्या कायद्याच्या धास्तीने ती आरोग्यसेवेपर्यंत सहज पोचेनात. संमतीचा एक रकाना पहिल्याच दिवशीच्या नोंदीत हवा होता: ‘आरोग्यसेवेने तुम्हाला संपर्क केला तर चालेल का?’ नॉर्वेने २२ जुलै २०११च्या हल्ल्यांनंतर दुसरी वाट धरली. उटोया बेटावरच्या तरुणांच्या शिबिरात ६९ आणि ओस्लोमध्ये ८ जण मारले गेले होते. बेटावरची मुलं देशभरातून आलेली, म्हणून प्रत्येकाच्या नगरपालिकेने एक ठरलेला संपर्क माणूस द्यायचा, त्याने स्वतःहून फोन करायचा आणि वर्षभर सोडायचं नाही, अशी आखणी झाली. कागदावर ती लंडनपेक्षा सरस वाटते, पण छोट्या गावात आघातोपचार जाणणारा माणूस नसेल तर नुसत्या फोनने भागत नाही.

लंडनची सेवा थेट हल्ल्यात सापडलेल्यांसाठी होती. शहराचं काय? स्फोटांनंतर ११ ते १३ दिवसांनी १,०१० लंडनकरांना फोनवर विचारलं तेव्हा ३१ टक्क्यांना मोठा ताण जाणवत होता. सात महिन्यांनी हे प्रमाण ११ टक्क्यांवर आलं. म्हणजे सगळ्या शहराला उपचार नकोत. पण याच पाहणीत मुस्लिम नागरिकांत ताणाची शक्यता इतरांहून बरीच जास्त दिसली. ते त्याच गाड्यांतून जातात, तीच भीती बाळगतात आणि शिवाय डब्यातल्या संशयी नजराही सोसतात. दहा प्रश्नांच्या यादीत या नजरांसाठी जागा नाही. अशी सेवा उभारणाऱ्याने अकरावा प्रश्न घालावा: ‘या घटनेनंतर लोक तुमच्याशी वेगळं वागतात का?’ त्याचे गुण धरू नयेत, पण उत्तर ‘हो’ आलं तर बैठकीत त्यासाठी वेळ ठेवावा.