बंपरवरच्या शिट्ट्या: दाजीपूरच्या रस्त्यावर वापरून बघितल्यावर

बंपरला चिकटवायच्या दोन काळ्या प्लॅस्टिकच्या शिट्ट्या. अंगठ्याएवढ्या. पाकिटावर हरणाचं चित्र, आणि खाली दावा असा की गाडी ताशी 50च्या वर गेली की वारा आत शिरून 16 ते 20 किलोहर्ट्झचा आवाज निघतो, माणसाला तो ऐकू येत नाही, जनावराला येतो, आणि ते रस्त्यातनं बाजूला होतं. ऑनलाइन चारशेच्या आत मिळतात. आमच्या कोल्हापूरच्या मार्केट यार्डातल्या चार-पाच पिकअपना मी त्या लावलेल्या बघितल्या, आणि खाली नुसतं 'मस्त प्रॉडक्ट', 'पैसा वसूल' लिहिलेले रिव्ह्यू वाचले. ज्यांनी लिहिलंय त्यांच्यातल्या एकानंही जंगलातनं गाडी नेल्याचं लिहिलेलं नाही. म्हणून मी लिहितोय.

माझी बोलेरो पिकअप आहे. शाहू मार्केट यार्डातनं भाजी आणि गूळ भरायचा आणि रात्रीचं निघून पहाटे कणकवलीत उतरवायचा, हा धंदा. रस्ता हळदी, भोगावती, राधानगरी, दाजीपूर आणि मग फोंडा घाट. राधानगरीच्या पुढं रस्ता अभयारण्यातनंच जातो. शाहू महाराजांच्या काळात ही राखीव शिकारीची जागा होती, 1958 साली ती गव्यांसाठी राखली गेली आणि महाराष्ट्रातलं पहिलं अभयारण्य झाली. त्यामुळं तिथं गवा आडवा आला तर त्यात नवल काही नाही. आपण त्याच्या घरातनं चाललोय. 2021च्या डिसेंबरात तर गवे कोल्हापूर शहराच्या वेशीपर्यंत आले होते, तेव्हा काय गर्दी आणि पळापळ झाली ते सगळ्यांना आठवत असेल.

ज्यांनी गवा लांबूनच बघितलाय त्यांच्यासाठी एवढं सांगतो: मोठा नर हजार किलोच्या घरात जातो आणि खांद्याला माणसाच्या उंचीचा किंवा त्याहून उंच असतो. अंग काळंभोर. रात्री डिपरच्या उजेडात त्याचं धूड दिसतच नाही, कारण डिपरचा झोत खाली असतो. पहिल्यांदा दिसतात ते गुडघ्याखालचे पांढरे पाय. रस्त्यावर चार पांढरे खुंट उभे दिसले की वर गवा आहे हे आम्हा लोकांना कळतं, नव्या माणसाला कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

आता शिट्ट्यांचं. बसवायला सोप्या आहेत, बंपर पुसून टेप दाबायची एवढंच. टेप चांगली आहे, घाटातल्या धक्क्यांनी आणि पाण्यानं सुटली नाही. पण पावसात तोंडात चिखल बसतो, आणि उन्हाळ्यात किडे. पाकिटावर 'देखभालीची गरज नाही' असं छापलंय ते खरं नाही. आठवड्याला काडी घालून साफ केल्या नाहीत तर आत वारा जायचाच बंद होतो, आणि गाडी चालवताना आवाज ऐकू येत नसल्यामुळं बंद पडल्याचं कळतही नाही. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकली. जी वस्तू चालू आहे की बंद हेच वापरणाऱ्याला कळत नाही, तिच्यावर जीव कसा सोपवायचा?

आवाज निघतो का, हे बघायला फुलेवाडीच्या पंक्चरवाल्याकडं कॉम्प्रेसरची नळी धरली. आवाज निघाला, आणि चक्क मला ऐकू आला. म्हणजे पाकिटावर लिहिलेली उंच पट्टी तो नव्हताच. एकाच जोडीतल्या दोन शिट्ट्यांचा सूरही वेगळा लागला. पंक्चरवाल्याचं कुत्रं तिथं झोपलं होतं, त्यानं एकदा मान वर केली, इकडं बघितलं आणि परत झोपलं.

माझी पुतणी इंजिनिअरिंगला आहे. तिच्या मोबाईलवर आवाजाचा आलेख दाखवणारं अ‍ॅप आहे. हळदीच्या पुढच्या सरळ रस्त्याला ती कडेच्या शेतात उभी राहिली आणि मी साठच्या वेगानं गाडी नेली. "काका, टायरचा आन् इंजिनचा आवाज लांबनंच दिसाय लागतोय. शिट्टीची बारीक रेघ गाडी पार जवळ आल्यावर उठती आन् लगेच गप होती," असं तिनं सांगितलं. तिच्या म्हणण्यात अर्थ आहे. उंच पट्टीचा आवाज हवेत लवकर विरतो, आणि तो सरळ जातो, वळण घेऊन पलीकडं पोचत नाही. फोंडा घाटात तर वळणाशिवाय आहे काय?

एका संध्याकाळी दाजीपूरच्या अलीकडं, लक्ष्मी तलावाच्या फुगवट्याच्या बाजूला, रस्त्यापासून बऱ्याच अंतरावर गवताच्या पट्ट्यात गवे चरताना दिसले. समोर सरळ, मोकळा रस्ता होता. माझ्या पुढं एसटी होती, तिला शिट्टीबिट्टी काही नाही. एसटी गेली तेव्हा कळपातल्या दोन माद्यांनी डोकी वर केली आणि परत खाली घातली. मागनं मी पन्नासच्या थोड्या वर वेगानं गेलो, त्याच माद्यांनी तसंच केलं. एवढ्यावरनं शास्त्र सिद्ध होत नाही हे मला कळतं. पण हे काम ज्यांनी नीट केलंय त्यांनाही वेगळं काही सापडलेलं नाही. अमेरिकेत हरणं गाडीला धडकण्याचा प्रश्न फार मोठा आहे, तिथं यावर अभ्यास झालेत. युटामध्ये 1992 साली छापलेल्या अभ्यासात रस्त्याकडेच्या हरणांनी या शिट्ट्यांना काही दाद दिली नाही. जॉर्जिया विद्यापीठातल्या लोकांनी तर गाडीवर आवाजाचं यंत्र बसवून वेगवेगळ्या पट्टीचे आवाज हरणांना ऐकवले, त्याचा निष्कर्ष 2009 साली छापला: टक्कर टळेल असं वागणं कुठल्याच आवाजानं घडलं नाही. आणि समजा जनावरानं ऐकलं, तरी ते पळेल कुठं? सांबर बिचकलं की आधी जागेवर थांबतं. गव्याचा कळप रस्ता ओलांडत असला की पुढचा गेल्यावर मागचे त्याच्यामागं येणारच. आवाज ऐकून जनावर डावीकडं जाईल की उजवीकडं, की गाडीवरच येईल, हे शिट्टी बनवणारा सांगू शकत नाही.

पण माझी खरी तक्रार वेगळीच आहे. ही शिट्टी पन्नासच्या वर वाजते. राधानगरी ते फोंडा रात्री कुणी शहाणा माणूस पन्नासच्या वर जात नाही, घाटात तर तीसही जास्त होतात. म्हणजे तुम्ही नीट गाडी चालवत असाल तर ही वस्तू मुकी. ती वाजायची असेल तर तुम्हाला नको त्या वेगानं जावं लागेल.

याचा हिशेब मांडून बघा. ताशी 80ला गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला तर 33 मीटर तिथंच संपले, अजून ब्रेक लागायचाय. डिपरचा उजेड असतो चाळीस-पन्नास मीटरचा. ताशी 40ला दीड सेकंदात जातात 17 मीटर, आणि थांबायचं अंतर तर निम्म्याहूनही कमी होतं, कारण वेग अर्धा झाला की ब्रेकचं अंतर पाव होतं. याच्यापुढं कुठलीही शिट्टी काय करणार? उलट यार्डातला एक पोरगा मला म्हणाला, "मामा, शिट्टी हाय की आता, सोडायची बिनधास्त." हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. चारशे रुपयांत त्याला धीर मिळाला, आणि नको तिथं मिळाला.

आणखी एक. आपण गवा-गवा करतो, कारण त्यानं आपली गाडी चेपते. पण या रस्त्यावर मरतात ती जास्त करून बारकी जनावरं. पहिला पाऊस झाला की घाटात बेडूक रस्त्यावर येतात, बेडकांमागं साप. उदमांजर, ससा, कधी पिसोरी, म्हणजे सशापेक्षा थोडंच मोठं ते बुटकं हरीण. सापाला असला बारीक आवाज ऐकूच येत नाही, त्याला जमिनीची थरथर आणि खालच्या पट्टीचा आवाज कळतो. त्यांच्यासाठी ही शिट्टी म्हणजे काहीच नाही. वेग कमी असेल तर निदान बघून चाक वळवता येतं. माकडांचं तर आपणच करून ठेवलंय. घाटात गाडी थांबवून बिस्किटं आणि वेफर्स टाकतात, आणि मग माकडं रस्त्यालाच बसून राहतात. कृपा करून हे थांबवा.

काहीजण विचारतील, मग पुढं लोखंडी गार्ड बसवू का? नको. डिसेंबर 2017 मध्ये केंद्रानं त्यावर कारवाई करायला राज्यांना कळवलंय. धडक झाली तर गार्डामुळं एअरबॅगचा सेन्सर चुकू शकतो, आणि रस्त्यावरच्या माणसाला गार्ड लागला तर त्याचं काय होतं ते मी बघितलंय. हजार किलोच्या जनावरापुढं त्या नळ्या टिकतही नाहीत.

खरा उपाय रस्ता बांधणाऱ्याच्या आणि चालवणाऱ्याच्या हातात आहे. नागपूरकडं पेंचच्या जंगलात राष्ट्रीय महामार्ग 44 वर गाड्या वरनं आणि जनावरं खालनं जातील अशी नऊ बांधकामं केली आहेत, त्यातलं सगळ्यात लांब 750 मीटरचं. तिथं लावलेल्या कॅमेऱ्यांत वाघ खालनं जाताना दिसलेत. कर्नाटकात बंडीपूरच्या जंगलातनं जाणारा रस्ता 2009 पासून रात्री 9 ते सकाळी 6 बंद असतो. आमच्यासारख्या रात्रीच्या धंदेवाल्याला तसली बंदी जड जाईल हे मी मनापासून सांगतो. पण राधानगरी ते दाजीपूर पट्ट्यात नीट गतिरोधक आणि वेगाची मर्यादा पाळायला लावणारा माणूस असावा, एवढी मागणी तरी आपण ड्रायव्हर लोकांनीच करायला पाहिजे. जखमी जनावर दिसलं तर वन विभागाचा 1926 हा नंबर आहे. उतरून जवळ जाऊ नका, गवा जखमी असला की जास्त धोक्याचा.

मी एक तारा देतोय. विकणाऱ्यानं माल वेळेवर पाठवला, पाकीट नीट होतं, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार दाव्याबद्दल आहे.

तेवढेच पैसे हेडलाईटवर घाला. शिवाजी उद्यमनगरात मी पिवळी पडलेली काच पॉलिश करून घेतली आणि झोत नीट सेट केला, शिट्टीच्या किमतीपेक्षा थोडे जास्त गेले. आता चाळीसच्या वेगात ते पांढरे पाय बऱ्याच लांबून दिसतात. पुढच्या काचेचे वायपर झिजले असतील तर तेही बदला, दाजीपूरच्या धुक्यात आणि पावसात अर्धी नजर तिथंच जाते. आणि झोत सेट करायला जाताना गाडीत माल भरलेला असू द्या. रिकाम्या पिकअपवर सेट केला तर माल भरल्यावर मागची बाजू दबते, झोत वर उचलला जातो, समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपला रस्ता अंधारात जातो.