कोझुमेलची अर्ध्या दिवसाची सहल: फुफाटा, प्रवाळ आणि घायपाताची दारू

लातूर, नांदेड किंवा संभाजीनगरची मुले टेक्सासला नोकरीनिमित्त स्थायिक झाली, की आईवडिलांच्या पहिल्या किंवा दुसऱ्या भेटीत गॅल्व्हेस्टन बंदरातून सुटणारी चार-पाच दिवसांची जहाजाची सफर ठरलेलीच असते आणि ते जहाज बहुधा मेक्सिकोच्या कोझुमेल बेटाला एक दिवस थांबते. आमच्या लेकीने आणि जावयांनी जानेवारीत आम्हा दोघांना तेथे नेले आणि बेटावरच्या दिवसासाठी एका स्थानिक सहल कंपनीची अर्ध्या दिवसाची सहल आधीच आरक्षित केली. चारचाकी एटीव्हीवरून जंगलातल्या कच्च्या रस्त्याने रपेट, समुद्रात स्नॉर्केलिंग, म्हणजे डोळ्यांवर काचेचा मुखवटा आणि तोंडात श्वासाची नळी धरून पाण्यावर पालथे तरंगणे, आणि शेवटी टकीला या मेक्सिकन दारूची चव, असा तो तिहेरी बेत होता. माणशी शंभर डॉलरच्या थोडे वर पैसे पडले. जे मिळाले ते वाईट नव्हते; पण ज्या गोष्टीसाठी सात समुद्र ओलांडून जावे तिला या बेतात सर्वांत कमी वेळ आहे आणि जी आमच्या शिवारात फुकट मिळते तिला सर्वांत जास्त, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

कोझुमेल हे मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पाच्या पूर्वेला कॅरिबियन समुद्रात असलेले, सुमारे 48 किलोमीटर लांब आणि 16 किलोमीटर रुंद बेट आहे. सान मिगेल हे तेथले एकमेव मोठे गाव असून जहाजे त्याच्याच बाजूला, पश्चिम किनाऱ्यावर लागतात. अमेरिकेचा वैध व्हिसा असल्यास मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही; परतताना पुन्हा अमेरिकेतच प्रवेश करायचा असल्याने तो व्हिसा एकापेक्षा अधिक प्रवेशांचा आहे ना, एवढे मात्र निघण्यापूर्वी पाहून घ्यावे. घड्याळाचीही एक गंमत आहे. हिवाळ्यात बेटाची वेळ ह्यूस्टनच्या वेळेपेक्षा एक तास पुढे असते, आमचे जहाज मात्र ह्यूस्टनच्याच वेळेवर चालत होते. आमच्या मोबाइलने किनाऱ्याजवळ येताच आपण होऊन बेटाची वेळ धरली आणि आम्ही ठरलेल्या जागी तासभर आधी जाऊन उभे राहिलो. उलटे झाले असते तर जहाज चुकले असते, तेव्हा जहाजाची वेळ दाखवणारे एक साधे मनगटी घड्याळ जवळ असू द्यावे.

पहिला पाऊण तास कागदपत्रांत गेला. चालवणाऱ्याचा मूळ परवाना पाहतात, इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये छापलेल्या हमीपत्रावर सह्या घेतात आणि वाहनाचे नुकसान झाल्यास भरपाईपासून सूट हवी असेल तर वेगळे पैसे मागतात. सांगितलेल्या भावात एका एटीव्हीवर दोघांनी बसायचे आहे आणि एकट्याला चालवायचे तर जादा रक्कम आहे, हे आरक्षणाच्या वेळी कोणी बोलले नव्हते, ते तेथे उभे राहिल्यावर कळले. रक्कम फार मोठी नव्हती, पण दारात आल्यावर भाव वाढवण्याची ही रीत मला आवडली नाही. हेल्मेटे आधीच्या तुकडीच्या घामाने ओली होती. डोक्याला बांधायला आपला एखादा सुती रुमाल बरोबर न्यावा. तोच पुढे नाकातोंडावरही बांधता येतो.

एटीव्ही चालवणे अवघड नाही, मात्र स्कूटरवर हात बसलेल्या माणसाला पहिली दहा मिनिटे चमत्कारिक जातात. वेग वाढवायला मूठ पिळायची नसते, उजव्या मुठीखालचा खटका अंगठ्याने दाबून धरायचा असतो. तीस वर्षे बँकेत स्कूटरने गेलेला माझा हात प्रत्येक वळणावर मूठ पिळत राहिला आणि गाडी जागची हलेना. मागे बसलेले यजमान संयमाने काही बोलले नाहीत. पुढे पाऊण तास आम्ही बुटक्या, काटेरी झुडपांमधून गेलेल्या पांढऱ्या वाटेने हिंडलो. हे सबंध बेट चुनखडीचे आहे, त्यामुळे तेथला फुफाटा पिठासारखा पांढरा असतो आणि पुढच्या गाडीमागून तो थेट तोंडावर येतो. रांगेत शक्यतो वाटाड्याच्या लगेच मागे गाडी लावावी, शेवटून दुसऱ्या गाडीवर बसलेल्या आमच्या जावयांच्या भुवया उतरल्यावर पांढऱ्या झाल्या होत्या. ह्यूस्टनसारख्या शहरात वाढलेल्या मुलांना यात मौज वाटत असेल, नाही असे नाही. आमचे यजमान मात्र उतरल्यावर एवढेच म्हणाले, की औशाच्या शेताला जाणारी पाणंद यापेक्षा वाईट आहे आणि तिच्यावर जायला कोणी पैसे घेत नाही.

या रपेटीत मोलाचा थांबा एकच आहे आणि तो म्हणजे सेनोटे. चुनखडीत पाणी ठरत नाही, ते झिरपून खाली जाते, म्हणून या बेटावर एकही नदी नाही. जमिनीखालच्या पोकळीचे छत कोसळून जे नैसर्गिक कुंड उघडे पडते त्याला तेथे सेनोटे म्हणतात आणि पूर्वी तेथल्या मूळच्या माया लोकांची पाण्याची भिस्त अशा कुंडांवरच होती. आम्हाला दाखवलेले कुंड लहान होते. कडेला झाडांची मुळे दोरासारखी खाली लोंबत होती आणि पाणी हिरवट, पण तळ दिसेल इतके निवळ होते. आपल्याकडे पाण्यापर्यंत पोचायला माणसाने पायऱ्या बांधून बारवा घडवल्या, येथे ते काम जमिनीने स्वतः केले आहे, असे ती कडा पाहताना वाटले. 2016 साली ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले तेथून आलेल्या माणसाला नदी नसलेल्या गावाचे हे पाणी पाहत थोडे थांबावेसे वाटणारच, पण वाटाड्याने दहाव्या मिनिटाला शिट्टी वाजवली.

आता स्नॉर्केलिंगविषयी. युकातानपासून होंडुरासपर्यंत सुमारे 1000 किलोमीटर पसरलेली प्रवाळांची जी रांग आहे, ती ऑस्ट्रेलियाच्या खालोखाल जगात दुसरी सर्वांत मोठी मानली जाते आणि कोझुमेलचे प्रवाळ तिचाच भाग आहेत. 1996 सालापासून हा परिसर संरक्षित राष्ट्रीय उद्यान आहे. पश्चिम किनारा बेटाच्या आडोशाला असल्याने तेथे लाटा कमी असतात. उघड्या समुद्राकडे तोंड असलेला पूर्व किनारा खवळलेला असतो. हिवाळ्यात उत्तरेकडून जोराचा वारा सुटला की लहान होड्यांना बंदी घालतात, तेव्हा त्या दिवशी पाण्यात उतरता आले नाही तर पैसे परत मिळतात का, हे आरक्षण करतानाच लेखी विचारून ठेवावे.

आम्हाला लहान होडीतून प्रवाळापर्यंत नेले. अंगाला सनस्क्रीन लावू नका, त्यातली रसायने प्रवाळाला मारक असतात, असे आधीच बजावले होते. लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा आणि पायघोळ विजार घातली की त्याची गरज पडत नाही आणि आमच्या वयाच्या बायकांचा संकोचही मिटतो. जीवरक्षक जाकीट सक्तीचे आहे. पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्या आमच्या पिढीला त्याचे नावीन्य नाही, पण विहिरीत पाणी एका जागी असते आणि येथे ते वाहते. कोझुमेलच्या पाण्याला बहुधा उत्तरेकडे जाणारा ओढा असतो. हातपाय फार मारायचे नाहीत, पालथे पडून वाहत जायचे आणि पुढे जाऊन थांबलेली होडी आपल्याला उचलून घेते.

मुखवट्याविषयी मात्र दोन गोष्टी सांगायलाच हव्यात, कारण आमची निम्मी गैरसोय त्यातूनच झाली. एक म्हणजे चष्मा लावून मुखवटा घालता येत नाही आणि नंबरची काच असलेला मुखवटा त्या कंपनीकडे नव्हता. पाण्याखाली वस्तू साधारण एक तृतीयांशाने मोठ्या दिसतात खऱ्या, पण त्यामुळे माझा साडेतीनचा नंबर काही भरून निघाला नाही. माझ्यासारख्यांनी नंबरचा मुखवटा विकत घेऊन न्यावा. दुसरी गोष्ट मिशीची. रबराची कड वरच्या ओठाशी घट्ट बसली नाही तर त्या फटीतून पाणी आत येते आणि यजमानांची मिशी भरघोस आहे. वाटाड्याने खाणाखुणा करून ती काढण्याचे सुचवले. ते काही होणार नव्हते. मग व्हॅसलीनची डबी आली, मिशीच्या वरच्या कडेला बोटभर व्हॅसलीन थापले गेले आणि त्यानंतर मुखवट्यात पाणी आले नाही.

त्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटे हीच या सहलीची खरी किंमत होय. काळे-पिवळे पट्टे ओढलेले लहान मासे हाताच्या अंतरावरून झुंडीने जात होते, गर्द निळे मासे प्रवाळावरचे शेवाळ टिपत होते आणि जांभळे समुद्रपंखे प्रवाहाबरोबर एका लयीत डुलत होते. कान पाण्यात असल्याने एक बारीक करकर सतत ऐकू येत होती. ज्वारीचे कणीस दाताने सोलावे तशी. होडीत आल्यावर कळले, की तो पोपटमाशांचा आवाज होता. हा मासा चोचीसारख्या दातांनी प्रवाळाचा दगड कुरतडतो, त्यावरचे शेवाळ खातो आणि पोटात गेलेला दगड बारीक वाळू होऊन बाहेर पडतो. कॅरिबियनच्या पांढऱ्या किनाऱ्यांवरची बरीच वाळू अशीच तयार झालेली आहे. काही ठिकाणी प्रवाळाचा मोठा गोळा अर्धा तपकिरी आणि अर्धा हाडासारखा पांढरा दिसला. तेथल्या कठीण प्रवाळांना 2018 सालापासून एक रोग लागला असून त्यात जिवंत पेशी झडून नुसता सांगाडा उरतो, असे वाटाड्याने विचारल्यावर सांगितले. त्याने ते आपण होऊन सांगायला हवे होते. त्याऐवजी होडीत मोठ्या आवाजात गाणी लावण्यावर त्याचा भर होता.

टकीलाचा कार्यक्रम शेवटी ठेवला आहे, ही या कंपनीची एक शहाणपणाची गोष्ट. वाहन आणि पाणी दोन्ही आटोपल्याशिवाय कोणाच्या हाती पेला देत नाहीत. एका गवताच्या छपराखाली उभे करून एका तरुणाने वीस मिनिटे माहिती दिली आणि ती खरोखर चांगली होती. टकीला या बेटावर होत नाही. मेक्सिकोच्या हालिस्को राज्यात आणि आणखी चार राज्यांतल्या ठरावीक तालुक्यांत निळ्या अगावेपासून केलेल्या दारूलाच ते नाव लावता येते आणि 1974 सालापासून त्या नावाला कायद्याचे संरक्षण आहे. अगावे म्हणजे आपले घायपात, ज्याला आमच्याकडे केकताडही म्हणतात, त्याचाच भाऊबंद. निवडुंगाशी त्याचा संबंध नाही. सहा-सात वर्षे वाढलेल्या झाडाची पाने कोआ नावाच्या धारदार अवजाराने छाटून मधला अननसासारखा गड्डा काढतात, तो भाजतात, रस आंबवतात आणि दोनदा ऊर्ध्वपातन करतात. लाकडात न मुरवलेली ती ब्लांको, किमान दोन महिने ओकच्या लाकडात ठेवलेली रेपोसादो आणि किमान एक वर्ष ठेवलेली अन्येहो. बाटलीवर शंभर टक्के अगावे असे लिहिलेले नसेल तर त्यात निम्म्याच्या आसपास दुसरी साखर असू शकते, हे त्याचे सांगणे पुढे दुकानात कामाला आले.

जावई आणि लेकीने पाच बोटभर पेले चाखले. मी ब्लांकोचा एक घोट घेतला; मिरी आणि भाजलेल्या रताळ्याच्या मधला काहीतरी वास आला आणि माझे तेवढ्यावर भागले. पाचांपैकी शेवटचे दोन पेले कॉफीच्या आणि बदामाच्या गोड मद्याचे होते. ती टकीला नव्हेच, पण विक्रीचा सारा जोर त्यांच्यावरच होता. माहिती संपताच तोच तरुण विक्रेता झाला, दर पेल्यागणिक बाटलीचा भाव कमी होत गेला आणि बाहेर पडायची वाट नेमकी दुकानातूनच होती. शेजारी एटीव्हीवरच्या आमच्या छायाचित्रांची विक्री चालू होती, ती आम्ही घेतली नाहीत.

यजमानांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, त्यामुळे त्यांच्यासाठी बर्फ घातलेले लाल पाणी आले. त्यांनी एक घोट घेतला आणि लगेच म्हणाले, “ही तर अंबाडी.” ती खरोखरच लाल अंबाडीची बोंडे उकळून केलेली होती. मग त्यांनी लेकीकरवी त्या तरुणाला विचारले, की अगावेच्या पानांचा वाख काढून दोर वळतात का. तो मुलगा पहिल्यांदाच विक्री विसरला. दोराचे अगावे वेगळे, ते येथलेच, युकातानचे, आणि त्याच्या आजोबांनी जन्मभर त्याचीच पाने कापली, असे तो सांगू लागला. यजमानांनी कागदी रुमालाची पट्टी फाडून मांडीवर पीळ भरून दाखवला. आमच्या लहानपणी बैलाची दावी घायपाताच्या आणि अंबाडीच्याच वाखाची असत आणि त्या दोन्हींच्या नात्यातली झाडे येथे एकाच मेजावर पेल्यांत उतरली होती. तिहेरी बेतात न छापलेली ही दहा मिनिटे आम्हाला स्नॉर्केलिंगच्या खालोखाल आवडली.

पुन्हा जाण्याचा योग आला तर आम्ही एटीव्ही वगळून केवळ स्नॉर्केलिंगची होडी घेऊ, जिच्यात दोन-तीन ठिकाणी उतरवतात आणि पाण्यात निदान तासभर मिळतो. बरोबर विशीतली मुले असतील आणि दिवस एकच असेल तर हा तिहेरी बेत घ्यायला हरकत नाही, मात्र एकट्याच्या एटीव्हीचे आणि नुकसानभरपाईच्या सवलतीचे पैसे आधी विचारून घ्यावेत. गुडघ्यांचा किंवा कंबरेचा त्रास असलेल्यांनी रपेटीच्या वाटेला जाऊ नये, गचके पुष्कळ बसतात.

जावयांनी रेपोसादोची एक बाटली घेतली. जहाजावर चढताना ती काढून घेतात आणि प्रवासाच्या अखेरीस परत देतात. गॅल्व्हेस्टनला उतरल्यावर टेक्सास राज्याचा कर वेगळा भरावा लागतो, तेव्हा भाव करताना तोही धरावा. कर घेणाऱ्या बाईंनी पुढच्या माणसाला हाक मारेपर्यंत यजमान बाटलीवरच्या घायपाताच्या चित्राकडे पाहत होते आणि पाने फार आखूड कापली आहेत, असे त्यांचे मत पडले.