सांगलीतलं जुन्या रेकॉर्डचं दुकान: ‘बी’ बाजू शोधणाऱ्यांनी जावंच

जुन्या रेकॉर्ड विकणारी दुकानं पुण्या-मुंबईत आहेत आणि ऑनलाइन तर बाजारच भरलाय. तरीही तुम्ही बीटल्स या इंग्लिश बँडमधल्या जॉर्ज हॅरिसनच्या गाण्यांमागे असाल, त्यातही सिंगलच्या, म्हणजे दोन गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डच्या, मागच्या ‘बी’ बाजूला राहून गेलेल्या गाण्यांमागे, तर सांगलीला या. गणपती पेठेतून आत जाणाऱ्या एका बोळात, गोदामाच्या वरच्या मजल्यावर हे दुकान आहे. पाटी नाही. जिन्याच्या तोंडाशी एक फुटका एलपी, म्हणजे मोठी रेकॉर्ड, खिळ्याला टांगलाय, तीच खूण.

मूळ धंदा रेडिओ-ग्रामोफोन दुरुस्तीचा. अजूनही अर्धी खोली वॉल्व्हच्या रेडिओंनी भरलेली आहे. दुरुस्तीला टाकलेले प्लेअर लोक न्यायला आले नाहीत, जुने वाडे पाडले गेले तेव्हा ट्रंकाच्या ट्रंका आल्या, असा हा साठा वाढत गेला. बहुतेक माल हिंदी सिनेमाचा, नाट्यगीतांचा, भावगीतांचा. खालच्या फळीवर अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या जुन्या रेकॉर्ड) आहेत, त्यांना दुकानाचे मालक, सगळ्यांचे काका, कुणाला हात लावू देत नाहीत. इंग्रजी माल खिडकीजवळच्या तीन लाकडी खोक्यांत. तो मिरजेच्या मिशन हॉस्पिटलकडच्या घरांतून आणि वालचंद कॉलेजात शिकून गेलेल्या जुन्या मुलांकडून आला, असं काका सांगतात.

आता मुद्द्याचं. हा माणूस रेकॉर्डच्या दोन्ही बाजू पूर्ण ऐकवतो आणि भाव दोन्ही बाजू बघून सांगतो. एवढ्या एका गोष्टीसाठी मी या दुकानाला पैकीच्या पैकी गुण देईन. बाकी ठिकाणी काय होतं? वरून चकचकीत दिसली की ‘उत्तम’ असा शेरा मारतात, फार तर हिट गाण्याच्या बाजूचे पहिले दहा सेकंद वाजवतात. मी हळदीच्या अडतीत हिशेब बघते. आमच्याकडे हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय कुणी भाव बोलत नाही. काका रेकॉर्डचं तेच करतात. पाकिटाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेलं असतं: ‘ए: खरखर. बी: स्वच्छ.’

आणि ‘ए: खरखर, बी: स्वच्छ’ हीच माझ्यासारख्यांची चांदी आहे. मिनिटाला ४५ फेऱ्यांची छोटी रेकॉर्ड (आपल्याकडे दोनच गाणी असली तरी सगळे तिला ईपीच म्हणतात) घरात आली की गाजलेलं गाणं रोज वाजायचं. त्या बाजूच्या खाचा सुईने घासून पांढरट पडतात, उजेडात तिरकी धरली की कळतं. उलट बाजू एखाददुसऱ्या वेळी वाजलेली. गिऱ्हाइकाला हवं असतं गाजलेलं गाणं, त्यामुळे ती बाजू झिजली की किंमत कोसळते. मला हवी असते दुसरी बाजू, आणि ती जवळजवळ कोरी मिळते.

बीटल्सच्या ‘लेडी मॅडोना’ची आपल्याकडची प्रत मला अशीच मिळाली. पुढची बाजू तव्यावर काहीतरी तडतडतंय अशी, मागच्या बाजूला ‘द इनर लाइट’, स्वच्छ. साडेचारशे रुपये. ‘द इनर लाइट’ हे बीटल्सच्या सिंगलवर आलेलं हॅरिसनचं पहिलं गाणं, मार्च १९६८ चं. त्याची वाद्यं वाजली आपल्या मुंबईत, एचएमव्हीच्या स्टुडिओत, त्याच वर्षीच्या जानेवारीत. हॅरिसन तिथे ‘वंडरवॉल’ या सिनेमाचं संगीत करायला आला होता, त्याच बैठकांत हेही उरकलं. मुंबईत चांगलं स्टिरिओ मशीन नव्हतं, तर ग्रामोफोन कंपनीच्या भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून दोन ट्रॅकचं मशीन आणवलं. स्टुडिओला आवाज अडवणारी भिंतबिंत काही नव्हती. संध्याकाळी साडेपाचला खालची ऑफिसं सुटली की जिन्यावर पावलांचा धडधडाट व्हायचा आणि रेकॉर्डिंग थांबवावं लागायचं, हे खुद्द हॅरिसनने सांगून ठेवलंय. त्या सिनेमाच्या अल्बमवर संतूर आहे शिवकुमार शर्मांचं, सरोद आशिष खाँचं, तबला महापुरुष मिश्रांचा. हा अल्बम म्हणजे बीटल्सच्या स्वतःच्या ॲपल या रेकॉर्ड कंपनीचा सगळ्यात पहिला. सरोद, बासरी, हार्मोनियम, पखवाज यांवरचं ‘द इनर लाइट’ तयार करून हॅरिसन ते लंडनला घेऊन गेला आणि फेब्रुवारीत ॲबी रोडच्या स्टुडिओत गायला. शब्द ‘ताओ ते चिंग’ या प्राचीन चिनी ग्रंथाच्या ४७ व्या अध्यायावरून घेतलेले. केंब्रिजचे संस्कृतचे अभ्यासक हुआन मास्कारो यांनी त्याला पत्र लिहून हे सुचवलं होतं.

मी मिरजेत काही वर्षं सतार शिकले, म्हणून हे गाणं मला जास्त जवळचं असेल. पण निवाडा देते तो ऐकून देते: हॅरिसनच्या भारतीय वळणाच्या गाण्यांत हे सगळ्यात सरस आहे. त्याआधीच्या गाण्यांत सतारीचा दबदबा फार, गाणं तिच्या ओझ्याखाली दबतं. इथे वाद्यं जलद धावतात, मग थांबतात आणि गळ्याला मोकळी जागा देतात. तीन मिनिटंही लागत नाहीत. काकांच्या जुन्या ॲम्प्लिफायरवर हार्मोनियमच्या भात्याचा श्वास ऐकू येतो. १९६८ ची ती रेकॉर्ड मोनो आहे, म्हणजे डावा-उजवा वेगळा न करता सगळा आवाज एकत्रच. पुढे स्टिरिओ मिक्स आला तो १९७० मध्ये केलेला आणि १९८१ मध्ये बाहेर पडलेला. दोन्ही माझ्याकडे आहेत आणि मी मोनोच लावते, त्यात बासरी आणि गळा एकमेकांना बिलगून येतात.

दुसरी खरेदी ‘बांगला देश’ची, ब्रिटनची प्रत, १९७१. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला बांगलादेशासाठीचा कार्यक्रम १ ऑगस्टला झाला, ही सिंगल त्याच्या दोन-तीन दिवस आधी आली. रविशंकरांच्या सांगण्यावरून हॅरिसनने हे सगळं उभं केलं, ते बहुतेकांना ठाऊक असतं. मागची बाजू फारशी कुणी उलटत नाही. ॲपलच्या रेकॉर्डवर पुढच्या लेबलवर अख्खं हिरवं सफरचंद असतं आणि मागच्या लेबलवर तेच अर्धं कापलेलं, आतला पांढरा गर आणि बी दाखवणारं. त्या कापलेल्या बाजूला ‘डीप ब्लू’ आहे. हॅरिसनची आई १९७० मध्ये कॅन्सरने गेली, तिच्या आजारपणात हॉस्पिटलच्या फेऱ्या घालताना सुचलेलं हे गाणं. वर डोब्रोची, म्हणजे पोटात धातूची थाळी असलेल्या गिटारची, घसट, मोठा वाद्यवृंद नाही, ओरडणं नाही. माझ्या आईच्या शेवटच्या दिवसांत सिव्हिलच्या कॉरिडॉरमध्ये मी असंच बसून असायचे. हे गाणं २००६ पर्यंत कुठल्याही अल्बममध्ये किंवा सीडीवर नव्हतं. पस्तीस वर्षं ते फक्त या कापलेल्या सफरचंदाच्या बाजूला होतं. काकांनी ते दोनदा लावलं, न सांगता. नऊशे रुपये सांगितले आणि मी घासाघीस केली नाही.

‘गिव्ह मी लव्ह’च्या मागचं ‘मिस ओडेल’ (१९७३) मात्र गमतीचं आहे. गाता गाता हॅरिसनला हसू फुटतं आणि तेच टेक ठेवलंय. त्यात मुंबईला निघालेला तांदूळ वाटेतच कुठे गायब होतो, असा उल्लेख आहे आणि शेवटी बीटल्समधल्या पॉल मॅकार्टनीचा लिव्हरपूलमधला जुना फोन नंबर. काकांना अर्थ सांगितला तर म्हणाले, “तांदूळ अजून पण गायबच होतोय की ओ ताई.”

अगदी सुरुवातीच्या रेकॉर्डिंगसाठी मात्र या दुकानावर विसंबू नका. ‘इन स्पाइट ऑफ ऑल द डेंजर’ हे १९५८ चं, लिव्हरपूलच्या एका घरगुती स्टुडिओत केलेलं, मॅकार्टनी आणि हॅरिसन यांच्या नावाचं गाणं. त्याची तबकडी तेव्हा एकच निघाली आणि ती मॅकार्टनींकडे आहे. ‘क्राय फॉर अ शॅडो’ १९६१ चं, हॅम्बुर्गला असताना केलेलं, हॅरिसन आणि बीटल्समधलाच जॉन लेनन या दोघांच्याच नावावर असलेली एकमेव रचना, त्यात गाणं नाही, नुसती वाद्यं. डेक्का कंपनीने १ जानेवारी १९६२ ला घेतलेल्या चाचणीत हॅरिसन ‘शेख ऑफ अरेबी’ गायलाय. ही तिन्ही १९९५ च्या बीटल्सच्या ‘अँथॉलॉजी’ या संचाच्या पहिल्या भागात आहेत. काकांकडे त्याच्या कॅसेटचा जोड मिळाला, दीडशे रुपयांत, पट्टी अजून ताठ आहे.

काकांकडे बीटल्सची एक ७८ मात्र आहे, विकायची नाही. इंग्लंडमध्ये ७८ बंद झाल्यावरही १९६३ ते ६५ च्या सुमारास कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात बीटल्सच्या ७८ निघत होत्या, कारण आपल्याकडे वीज नसलेल्या घरांत चावीचे ग्रामोफोन चालू होते. जगभरचे संग्राहक आज त्यांच्यासाठी वेड्यासारखे पैसे मोजतात. काकांनी मला ती हातात दिली, जड आणि काठाला एक टवका उडालेली. ७८ ची खाच रुंद, तिला वेगळी सुई लागते, तीही त्यांनी लावून दाखवली. इथे आलात तर नुसती बघायला मागा. दाखवतात.

धुण्याबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण सांगलीकरांना त्याची गरज आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा पेठांत किती घरांतल्या रेकॉर्ड गाळात गेल्या, त्याची गणती नाही. पाकिटं लगदा झाली, पण व्हिनाइलला, म्हणजे प्लास्टिकच्या रेकॉर्डला, पाण्याने काही होत नाही, खाचेत बसलेल्या गाळाने होतं. काका बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर घेतात, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब, आणि लेबलवर रबरी झाकण दाबून मऊ ब्रश खाचेच्या दिशेने फिरवतात. आडवा कधीच नाही. मग जुन्या धोतराच्या कापडाने टिपून, उभी करून सावलीत वाळवतात आणि पहिल्यांदा टाकाऊ सुईवर वाजवतात, म्हणजे उरलासुरला गाळ त्या सुईबरोबर निघतो. लाखेच्या ७८ ला स्पिरिट लावायचं नाही, लाख विरघळते, हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला दोनदा बजावतात. छोट्या रेकॉर्डला तीस रुपये, एलपीला साठ. माझ्या मावशीच्या घरातल्या भिजलेल्या भावगीतांच्या रेकॉर्ड त्यांनी अशाच वाचवल्या, लेबलं गेली ती गेलीच.

उणिवा आहेत आणि त्या लहान नाहीत. यादी कुठेच नाही, सगळं काकांच्या डोक्यात. फोन उचलतील याची खात्री नाही. इंग्रजी रेकॉर्डना मूळ पाकिटं जवळजवळ नसतातच, खाकी कागदात गुंडाळून देतात. पाकिटं जमवणाऱ्याने इथे येऊ नये. पोस्टाने पाठवत नाहीत, “वाटेत फुटली तर शिव्या मला” एवढं उत्तर. माझी एक ४५ बाहेरगावच्या ऑनलाइन विक्रेत्याने पातळ पुठ्ठ्यात पाठवली आणि ती दोन तुकड्यांत आली, तेव्हापासून मला काकांचं म्हणणं पटतं. हिंदी सिनेमाच्या एलपीचे भाव गेल्या काही वर्षांत फार चढलेत, ते मला जास्त वाटतात. जिना अरुंद आणि चढा, गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी सोबत कुणाला आणावं. परत घेण्याची पद्धत नाही, पण दोन्ही बाजू आधीच पूर्ण ऐकल्यावर परत करण्यासारखं काही उरतही नाही.

कुणी विचारेल, ही सगळी गाणी आता सीडीवर आली, मग एवढा उपद्व्याप कशाला? २०१४ चा ‘द ॲपल इयर्स’ हा हॅरिसनचा संच माझ्याकडे आहे, आठ तबकड्यांचा. चांगला आहे. ‘डीप ब्लू’, ‘मिस ओडेल’, ‘बांगला देश’ आणि १९७४ चं ‘आय डोन्ट केअर एनिमोर’ त्यात आहे, ‘द इनर लाइट’च्या मुंबईच्या वाद्यांचं वेगळं टेकही आहे, आणि ते ऐकण्यासाठी तो घ्यावाच. पण तिथे ही गाणी अल्बम संपल्यावर शेपटासारखी जोडलेली येतात. ‘लिव्हिंग इन द मटेरियल वर्ल्ड’ संपतो आणि लगेच त्याच्याशी काडीचा संबंध नसलेलं ‘डीप ब्लू’ सुरू होतं. छोट्या रेकॉर्डवर ते ‘बांगला देश’च्या पाठीला पाठ लावून आहे: पुढे लाखो अनोळखी माणसांसाठीची हाक, उलटलं की एका आईचा पलंग. हॅरिसनने ती जोडी तशी लावली होती आणि मला ती तशीच ऐकायची आहे.

सध्या मी ‘द बॅलड ऑफ जॉन अँड योको’ शोधतेय, मागच्या बाजूच्या ‘ओल्ड ब्राउन शू’साठी. काकांनी वहीत नाव लिहून घेतलंय. तुम्हालाही काही हवं असेल तर गाण्याचं नाव आणि साल कागदावर लिहूनच न्या, इंग्रजी नावं तोंडी सांगितली तर काका विसरतात. दुकान दुपारी चारनंतर उघडतं, अमावास्येला बंद. पैसे रोख किंवा फोनवरून, कार्ड चालत नाही. गाडी पेठेत आणू नका, स्टेशन चौकाकडे लावून चालत या.