नंबर न देता बोलायचं: सिग्नलचं युजरनेम, आठ महिन्यांनंतर

एका वाचनगटात सामील झाले होते, दुसऱ्याच एका ॲपवर. सदस्यांच्या यादीत माझा नंबर उघडा दिसत होता. तो कुणीतरी उचलला आणि रात्री साडेअकराला फोन यायला लागले. एक नंबर ब्लॉक केला की दुसऱ्यावरून. शेवटी गट सोडला, पण नंबर त्या माणसाकडे राहिला तो राहिलाच.

म्हणून सिग्नल या मेसेजिंग ॲपवर आले. तिथे २०२४ पासून युजरनेम, म्हणजे नंबरऐवजी लोकांना देता येईल असं नाव, ठेवता येतं; शेवटी निदान दोन आकडे हवेत. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली फोन नंबरचे दोन पर्याय आहेत: नंबर कोणाला दिसावा आणि नंबरवरून मला कोणी शोधावं. बरेच जण पहिल्यावरच थांबतात. दुसराही 'कोणीही नाही' करा, नाहीतर ज्याच्याकडे तुमचा नंबर आधीच आहे त्याला तुम्ही इथे आहात हे कळतं. मी दोन्ही बंद केले. मग मावशीला मी सापडेना. तिला माझ्या युजरनेमची लिंक पाठवली, प्रश्न मिटला.

रोजच्या वापरात काहीच अडत नाही. खटकतं ते वेगळंच. खातं उघडायला नंबर लागतोच. लोकांपासून तो झाकला जातो, पण खात्याची दोरी सिमला बांधलेली राहते. आणि नंबर आपल्या मालकीचा नसतो. रिचार्ज थांबलं की काही काळाने कंपनी तो दुसऱ्याला देते. त्या नव्या माणसाला त्यावर सिग्नलचा ओटीपी येऊ शकतो. यासाठी रजिस्ट्रेशन लॉक (तो नंबर पुन्हा नोंदवताना तुमचा पिन मागणारी सोय) पहिल्याच दिवशी चालू करा. त्यालाही मर्यादा आहे: सात दिवस ॲप वापरलं नाही तर तो लॉक सुटतो. सिम बदलून नवा नंबर घेणार असाल तर आधी ॲपमध्ये नंबर बदला.

नंबर अजिबात नको असेल तर थ्रीमा हे मेसेजिंग ॲप आठ अक्षरांच्या आयडीवर चालतं, पण ते विकत घ्यावं लागतं. सेशन हे ॲपही नंबर मागत नाही, मात्र तिथला रिकव्हरी पासवर्ड हरवला आणि फोनही गेला, तर खातं परत मिळत नाही. दोन्ही मला आवडली. पण माझी माणसं तिथे नाहीत, म्हणून सिग्नलच ठेवलं.

मागच्या महिन्यात एका गटातून बाहेर पडले आणि त्याच संध्याकाळी युजरनेम बदललं. आधीच्या गप्पा जशाच्या तशा राहिल्या. त्या गटात दिलेली लिंक मात्र आता माझ्यापर्यंत पोहोचत नाही.