प्रिंटला वर्ड फाइल न्यावी की पीडीएफ?

शेजारच्या काकू निवृत्तीनंतर कॉम्प्युटर शिकताहेत. सोसायटीच्या सभेची नोटीस त्यांनी मराठीत टाइप केली आणि विचारलं, "झेरॉक्सवाल्याकडे वर्ड फाइल नेऊ की पीडीएफ?"

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, घरी दिसतं तसंच कागदावर उमटेल का? वर्ड फाइलमधला फॉन्ट दुकानातल्या कॉम्प्युटरवर नसेल, तर तो दुसराच फॉन्ट लावतो. ओळी सरकतात, एका पानाची दोन पानं होतात. जुन्या, युनिकोड (अक्षरं साठवायची सगळ्या कॉम्प्युटरवर सारखी असलेली पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलं असेल तर 'सभा' या शब्दाच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. पीडीएफमध्ये फॉन्ट सहसा फाइलच्या आतच बसवलेला असतो, म्हणून काना-मात्रा जागच्या जागी राहतात.

दुरुस्तीत मात्र वर्ड सरस. तारीख चुकली तर दुकानात उभ्या उभ्या बदलता येते.

मेहनत म्हणाल तर पीडीएफला एकच पायरी जास्त: 'सेव्ह अ‍ॅज'मध्ये जाऊन प्रकार पीडीएफ निवडायचा. त्याआधी पानाचं माप ए4, म्हणजे 210 × 297 मिमी, आहे ना ते बघा. बरेचदा तिथे 'लेटर' हे दुसरंच माप असतं.

अर्ज, नोटीस, बायोडेटा असं पक्कं झालेलं काही असेल तर पीडीएफच न्या. कुणाकडून तपासून, सुधारून घ्यायचा मसुदा असेल तर वर्ड. काकूंना मी पीडीएफ सांगितली, आणि पेनड्राइव्हवर मूळ वर्ड फाइलही सोबत ठेवायला लावली.